वजन जुळलं, पण साखळी कुठली? घोड्याच्या आणि म्हशीच्या आयजीजीवरचे ग्लायकन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पशुवैद्यकीय जीवरसायनशास्त्रात पीएचडी करताय. घोडा आणि म्हैस यांच्या सीरममधून आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटिबॉडी, तिला धरून ठेवणाऱ्या प्रोटीन जी कॉलमवर वेगळी केली, पीएनगेज एफ हे एन्झाइम लावून तिच्यावरच्या साखरेच्या साखळ्या, म्हणजे ग्लायकन, सोडवल्या आणि माल्डीवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, स्पेक्ट्रम घेतला. माणसाच्या आयजीजीचा तक्ता समोर ठेवून पीक्स जुळवल्या. बऱ्याच जुळल्या, काही मुळीच जुळल्या नाहीत. आता विचारताय की कुठलं सॉफ्टवेअर वापरलं तर रचना नेमक्या कळतील. आणि शेवटी एक ओळ आहे, की मार्गदर्शकांना हे काम सापाच्या विषावरच्या लशीने रुग्णांना येणाऱ्या रिअॅक्शनशी जोडायचं आहे.

सॉफ्टवेअरचं आधी सांगून टाकतो: कुठलंच पुरणार नाही. सॉफ्टवेअर वजन घेतं आणि त्या वजनात किती हेक्सोज, किती एन-ॲसिटिलहेक्सोसामीन, किती फ्युकोज आणि किती सियालिक ॲसिड, म्हणजे कुठल्या प्रकारच्या किती साखरा, बसतात ते सांगतं. ही झाली घटकांची मोजदाद. रचना वेगळी. गॅलॅक्टोज आणि मॅनोज हे दोन्ही हेक्सोज, दोघांचंही साखळीतलं वजन १६२.०५ डाल्टन. कुठली साखर कुठल्या कार्बनला, अल्फा जोडली आहे की बीटा, हे वजनातून दिसत नाही. माणसाच्या आयजीजीच्या बाबतीत नुसत्या वजनावर भागतं, कारण त्या तक्त्यामागे कित्येक दशकांचे एन्झाइमचे आणि एनएमआर या रचना दाखवणाऱ्या तंत्राचे पुरावे उभे आहेत. ते पुरावे म्हशीला उसने देता येत नाहीत.

का देता येत नाहीत, त्याची दोन कारणं तुमच्या कामाच्या अगदी मुळाशी आहेत.

पहिलं सियालिक ॲसिडचं. माणसात जवळजवळ सगळं सियालिक ॲसिड एन-ॲसिटिल प्रकारचं असतं. आम्ही त्याला नुसतं ‘एसी’ म्हणतो. त्यावर एक ऑक्सिजन चढवून एन-ग्लायकोलिल प्रकार, म्हणजे ‘जीसी’, बनवणारं सीएमएएच नावाचं जनुक माणसाच्या पूर्वजांमध्ये साधारण वीस-तीस लाख वर्षांपूर्वी कधीतरी तुटलं. गाय, म्हैस, शेळी, घोडा, उंदीर यांच्यात ते शाबूत आहे, आणि गायी-घोड्यांच्या आयजीजीवरच्या सियालिक ॲसिडमध्ये जीसीचा वाटा मोठा असतो. पशुवैद्यकातल्या माणसाला हे नवीन वाटायला नको: मांजराचा ए रक्तगट म्हणजे लाल पेशींवर जीसी आणि बी म्हणजे एसी, आणि बी मांजराला ए रक्त दिलं की काय होतं हे तुम्ही शिकलाच आहात. तोच एक ऑक्सिजन तुमच्या स्पेक्ट्रममध्येही बसलेला आहे.

दुसरं कारण अल्फा-गॅल. टोकाच्या गॅलॅक्टोजवर अल्फा १-३ जोडणीने आणखी एक गॅलॅक्टोज. माणूस, वानर आणि जुन्या जगातली माकडं सोडली तर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशी ही रचना बनवतात. माणसाच्या तक्त्यात ती नसतेच.

आता या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते आकड्यांत बघा. जीसीचं साखळीतलं वजन ३०७.०९०, फ्युकोजचं १४६.०५८, बेरीज ४५३.१४८. एसीचं २९१.०९५, हेक्सोजचं १६२.०५३, बेरीज तीच, ४५३.१४८. योगायोगाने जवळपास आली आहे असं नाही. दोन्ही जोड्यांमध्ये अणूच तेवढेच आणि तेच आहेत. त्यामुळे कितीही महागडं, कितीही बारीक वजन मोजणारं यंत्र आणा, या दोन जोड्या नुसत्या वजनावर वेगळ्या होणार नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या यादीत घोड्याच्या नमुन्यात २११६.७ ला सोडियम चिकटलेली पीक आहे आणि तिच्यापुढे तुम्ही प्रश्नचिन्ह टाकलंय. ती फ्युकोज असलेली, दोन गॅलॅक्टोजची आणि एका जीसीची दुहेरी, म्हणजे दोन फांद्यांची, साखळी असू शकते. किंवा फ्युकोज नसलेली, एका फांदीवर एसी आणि दुसऱ्या फांदीवर अल्फा-गॅल असलेली दुहेरी साखळीही असू शकते. दोन्हींचं वजन शेवटच्या दशांशापर्यंत सारखं. आणि तुमच्या मार्गदर्शकांच्या प्रश्नाच्या दृष्टीने हे दोन अर्थ दोन टोकांचे आहेत: पहिल्यात जीसी आहे आणि अल्फा-गॅल नाही, दुसऱ्यात नेमकं उलट. प्रश्नचिन्ह टाकलंत हे फार बरं केलंत. मी गायीच्या आयजीजीवर पहिल्यांदा काम केलं तेव्हा अशाच पीकपुढे बिनधास्त एक रचना लिहून मोकळा झालो होतो. अहवाल गेल्यावर कॉफीच्या हिरव्या बियांतलं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज लावून पाहिलं, तर पीकचा थोडा भाग १६२ ने खाली सरकला आणि बाकीचा जागचा हलला नाही. म्हणजे दोन्ही रचना एकाच पीकखाली होत्या. अहवाल मागे घेऊन दुरुस्त करावा लागला.

काही जण सांगतील की परमिथायलेशन करा, म्हणजे साखरेच्या मोकळ्या गटांवर मिथाइल चढवा, सगळं सुटेल. अर्धंच सुटेल. परमिथायलेशननंतर एसी आणि जीसी यांच्यातला फरक १६ वरून ३० होतो, आणि त्याचा एक खरा फायदा आहे: साध्या माल्डीत सोडियमऐवजी पोटॅशियम चिकटलं तर पीक १५.९७ ने वर जाते, आणि एसीच्या जागी जीसी असेल तर १५.९९ ने. साध्या यंत्रावर हा फरक दिसत नाही आणि पोटॅशियमची पीक जीसी म्हणून नोंदली जाते. तुमचं बफर फॉस्फेटचं आहे, त्यात पोटॅशियम असू शकतं, तेव्हा ही शंका तुमच्या म्हशीच्या यादीवरही आहे. परमिथायलेशनने तिचं निरसन होतं. वर सांगितलेली ४५३ ची जोडी मात्र परमिथायलेशननंतरही सारखीच राहते, कारण फ्युकोज आणि हेक्सोज यांच्यातला फरकही १६ वरून ३० होतो. ती सोडवायला साखळी फोडूनच बघावी लागते. परमिथायलेट केलेल्या साखळीच्या एमएस-एमएसमध्ये, म्हणजे यंत्रातच साखळी फोडून तुकड्यांची वजनं घेतली तर, ३७६ चा तुकडा आला तर टोकाला एसी, ४०६ चा आला तर जीसी. परमिथायलेशन न करता ग्लायकोपेप्टाइड (साखळीसकट प्रथिनाचा तुकडा) फोडत असाल तर २७४.०९ आणि २९२.१० हे एसीचे, २९०.०९ आणि ३०८.१० हे जीसीचे.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे येतो, कारण मला वाटतं खरा प्रश्न तिथेच आहे.

घोड्याचं सीरम टोचलेल्या माणसांच्या रक्तात एक वेगळीच अँटिबॉडी दिसते, हे हंगानुत्झिऊ यांनी १९२४ मध्ये आणि डायशर यांनी १९२६ मध्ये नोंदवलं. ती ज्याच्याविरुद्ध होती ते म्हणजे जीसी असलेल्या साखळ्या, हे खूप नंतर कळलं. त्यामुळे मार्गदर्शकांचा विचार निराधार नाही. पण आपल्याकडची सापाची लस म्हणजे घोड्याचं अख्खं आयजीजी नसतं. बहुतेक उत्पादक पेप्सिन हे प्रथिन तोडणारं एन्झाइम लावून अँटिबॉडीचा शेपटीकडचा एफसी भाग कापून टाकतात आणि विषाला पकडणाऱ्या दोन फॅब भुजांचा तुकडा, म्हणजे एफ-एबी-टू, ठेवतात. आयजीजीची ठरलेली साखळी जिथे बसते ती जागा, माणसाच्या क्रमांकानुसार ॲस्परॅजीन २९७, ही एफसीमध्येच आहे. पेप्सिनने ती गेली. म्हणजे तुम्ही घोड्याच्या अख्ख्या आयजीजीवर जे ग्लायकन मोजताय, त्यातला मोठा भाग कुपीत पोचतच नाही. कुपीत उरतात त्या फॅब भागावरच्या साखळ्या. माणसात साधारण १५ ते २५ टक्के आयजीजी रेणूंच्या फॅबवर अशी साखळी असते आणि तिच्यावर सियालिक ॲसिड एफसीपेक्षा जास्त असतं. शिवाय उरतात शुद्धीकरणातून निसटलेली इतर प्रथिनं, आणि त्यांच्यावर साखळ्या भरपूर असू शकतात.

म्हणून माझं प्रामाणिक मत: रिअॅक्शनशी जोडायचं असेल तर आधी रचनांच्या मागे लागू नका. आधी एवढंच मोजा, की अख्ख्या आयजीजीमध्ये, स्वतः पेप्सिन लावून केलेल्या एफ-एबी-टूमध्ये आणि एखाद्या तयार कुपीत, प्रत्येक मिलिग्रॅम प्रथिनामागे एसी किती आणि जीसी किती. हे काम डीएमबीने, म्हणजे सियालिक ॲसिडला जोडलं की चमकणाऱ्या रसायनाने, होतं. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर लागत नाही. फ्लुओरेसन्स डिटेक्टर असलेलं एचपीएलसी (मिश्रणातले घटक कॉलमवर वेगळे करणारं यंत्र) आणि एक साधा सी-१८ कॉलम पुरतो. २ मोलर ॲसिटिक ॲसिडमध्ये ८० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की सियालिक ॲसिड सुटतं. मग डीएमबी घालून अंधारात ५० अंशांवर अडीच तास. आधी जीसी बाहेर पडतं, मागून एसी. दोन्हींचे स्टँडर्ड विकत मिळतात, तेव्हा तर्काला जागाच उरत नाही. तयार कुपीत ग्लायसिन, मॅनिटॉल, फिनॉल यांसारखे घटक असू शकतात, म्हणून तो नमुना आधी नीट धुऊन घ्या.

आणि जीसी सापडलं तरी त्यामुळेच रिअॅक्शन येते असं लिहू नका. लशीच्या तात्काळ रिअॅक्शनमध्ये प्रथिनाचं एकूण प्रमाण, रेणूंचे गोळे, अशुद्धी अशा बऱ्याच गोष्टी असतात. तुमचा आकडा त्यातली एक गोष्ट मोजतो, आणि ती नीट मोजली तर तेवढंही खूप आहे.

घोड्याच्या बाबतीत इथे एक गोष्ट सांभाळायची असते. घोड्याच्या काही सीरम प्रथिनांवर, ठळकपणे अल्फा-टू-मॅक्रोग्लोब्युलिनवर, सियालिक ॲसिडच्या चौथ्या कार्बनवर एक ॲसिटिल गट बसलेला असतो. अशा सियालिक ॲसिडला नेहमीच्या वापरातली बरीच जिवाणूजन्य सियालिडेज तोडू शकत नाहीत. याच साखळीमुळे घोड्याचं सीरम काही इन्फ्लुएन्झा विषाणूंना जोरात अडवतं, हे जुन्या विषाणूशास्त्रज्ञांना माहीत होतं. तुमच्या दृष्टीने अर्थ असा, की सियालिडेज लावूनही पीक हलली नाही म्हणजे तिच्यावर सियालिक ॲसिड नाहीच, असं घोड्याच्या नमुन्यात म्हणता येत नाही. आणि हा ॲसिटिल गट अल्कलीत उडून जातो, त्यामुळे परमिथायलेशन केलेल्या नमुन्यात तो कधीच दिसणार नाही. डीएमबीसाठी नमुन्याचे दोन भाग करा. एक तसाच, दुसरा आधी सौम्य अल्कलीतून काढलेला. पहिल्यात असलेली एखादी छोटी पीक दुसऱ्यात नाहीशी झाली आणि एसी तेवढंच वाढलं, तर ते हेच. हे काम एका दिवसाचं आहे, आणि घोड्यावर काम करणाऱ्याने ते केलंच पाहिजे असं मी मानतो.

म्हशीच्या तुलनेसाठी रचना हव्याच असतील, तर मी ज्या क्रमाने जातो तो सांगतो.

साखळ्या सोडवण्यापूर्वी प्रथिन उलगडलं पाहिजे. एसडीएस हे कडक डिटर्जंट आणि प्रथिनातले दुवे तोडणारं डीटीटी घालून उकळा, थंड झाल्यावर एनपी-४० सारखं सौम्य डिटर्जंट घाला, कारण मोकळं एसडीएस पीएनगेज एफलाच मारतं. मग ३७ अंशांवर रात्रभर. किती नमुना लागेल याचा हिशोब असा: ५० मायक्रोग्रॅम आयजीजी म्हणजे सुमारे ३३० पिकोमोल, प्रत्येक रेणूवर दोन साखळ्या, म्हणजे ६६० पिकोमोल ग्लायकन, वजनात जेमतेम सव्वा मायक्रोग्रॅम. फ्लुओरेसन्सला एवढं खूप झालं. पण हाताळताना एवढंच आहे हे लक्षात राहू द्या. एन्झाइमचं काम झाल्यावर साखळीच्या टोकाला काही काळ अमिनो गट राहतो. टू-एबी हे चमकणारं लेबल लावायचं असेल तर सौम्य फॉर्मिक ॲसिडमध्ये तासभर ठेवून तो घालवावा लागतो, नाहीतर लेबल कमी लागतं आणि आपण दोष एन्झाइमला देत बसतो. नंतर सुकवताना यंत्राची हीटर बंद ठेवा. ॲसिडसकट गरम करून कोरडं केलं की सियालिक ॲसिड गळतं, आणि मग म्हशीत सियालिक ॲसिड कमी असा निष्कर्ष निघतो, जो म्हशीबद्दल नसतो, तुमच्या सुकवणीबद्दल असतो.

प्रत्येक फेरीत तीन जादा नळ्या ठेवा. एकीत गायीचं फेट्युइन हे प्रथिन: साखळी बसण्याच्या तीन एन-जागा, बहुतेक तिहेरी फांद्यांच्या सियालिक ॲसिडवाल्या साखळ्या, म्हणजे सोडवणं आणि सियालिक ॲसिड टिकवणं दोन्हींची परीक्षा. दुसरीत माणसाचं आयजीजी. तिसरीत प्रथिन नाही, बाकी सगळं. या तिसऱ्या नळीबद्दल मी आग्रही आहे. एका कामात आमच्या स्पेक्ट्रममध्ये १६२ च्या अंतराने पायऱ्या दिसल्या आणि आम्ही त्या मॅनोजवाल्या साखळ्या धरल्या. रिकाम्या नळीत त्याच पायऱ्या होत्या. डेक्स्ट्रान भरलेल्या डीसॉल्टिंग कॉलममधून ग्लुकोजच्या साखळ्या झिरपत होत्या. वजनं बारकाईने पाहिली असती तरी कळलं असतं: पाच मॅनोजची खरी साखळी सोडियमसह १२५७.४ ला येते, आणि सात किंवा आठ ग्लुकोजची ११७५.४ किंवा १३३७.४ ला. आम्ही अंतर पाहिलं आणि जागा पाहिली नाही.

टू-एबी लावलेल्या साखळ्या हिलिक कॉलमवर चालवा, तो त्यांना मुख्यतः आकारानुसार वेगळं करतो, आणि डेक्स्ट्रानच्या, म्हणजे एकेका ग्लुकोजने वाढणाऱ्या साखळ्यांच्या, शिडीवरून प्रत्येक पीकला ग्लुकोज युनिट द्या. इथे एका साखळीला एकच लेबल लागतं, म्हणून क्षेत्रफळ म्हणजे थेट मोलचं प्रमाण. माल्डीच्या उंचीवरून टक्केवारी काढू नका, विशेषतः सियालिक ॲसिड असलेल्या साखळ्यांची. मग एकाच नमुन्याचे भाग करून एन्झाइम क्रमाने चढवत जा: पहिल्यात नुसतं सियालिडेज, दुसऱ्यात त्यासोबत अल्फा-गॅलॅक्टोसिडेज, तिसऱ्यात त्यावर बीटा-गॅलॅक्टोसिडेज, चौथ्यात गायीच्या मूत्रपिंडातलं फ्युकोसिडेज. सगळे क्रोमॅटोग्राम एकाखाली एक लावा आणि कुठली पीक कुठे सरकली ते पेन्सिलीने जोडा. मी अजूनही कागदावर छापून जोडतो. तुमच्या २११६.७ चा निकाल दुसऱ्या भागात लागेल. अल्फा-गॅलॅक्टोसिडेज खरंच चालतंय हे दाखवायला गायीचं थायरोग्लोब्युलिन सोबत ठेवा, त्यावर अल्फा-गॅल भरपूर असतं. हे कंट्रोल नसेल तर ‘पीक हलली नाही’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

सियालिक ॲसिड २-३ ने जोडलंय की २-६ ने, हे हवं असेल तर इथिल एस्टरचा मार्ग माल्डीसाठी सोयीचा आहे: २-६ वालं २८ ने वाढतं, २-३ वालं पाणी गमावून १८ ने घटतं. तुमच्या प्रश्नाला ते लागेलच असं मला वाटत नाही.

बरंच काही परिस्थितीवर आहे, तेही सांगतो. रक्त हेपरिनमध्ये घेतलं असेल तर हेपरिन स्वतःच भारित शर्करा आहे आणि पुढे त्रास देतं; सीरम घेतलंत ते योग्य. सीरम लालसर असेल, म्हणजे पेशी फुटल्या असतील, तर तो नमुना मी बाजूला ठेवतो. प्रोटीन जी वरून उतरलेलं आयजीजी जेलवर नक्की तपासा: ८० किलोडाल्टनच्या आसपास फिकट पट्टी दिसली तर ते बहुधा ट्रान्सफेरिन, आणि त्याच्या साखळ्या आयजीजीच्या नावावर जमा होतील. गाभण म्हैस, आजारी म्हैस, वासरू यांचे नमुने एकत्र करू नका. आयजीजीवरचं गॅलॅक्टोज वय आणि दाह यांनुसार बदलतं हे माणसात पक्कं माहीत आहे आणि जनावरांत तसं नसेल असं गृहीत धरायला आधार नाही. घोडे जर लशीच्या कामातले असतील, म्हणजे त्यांना वारंवार विष टोचलं जात असेल, तर तुलनेसाठी न टोचलेले घोडे लागतीलच. हे नमुने मिळणं सोपं नाही, याची कल्पना आहे.

ओ-साखळ्यांकडे, म्हणजे प्रथिनाला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनवर जोडलेल्या साखळ्यांकडे, या टप्प्यावर वळू नका. त्यांना पीएनगेज एफसारखं सगळं सोडवणारं एन्झाइम नाही. आणि कुणी हायड्राझीनने सोडवून देतो म्हणालं तर एवढं विचारा, की नंतर परत ॲसिटिलेशन करणार का. हायड्राझीन जीसीचा ग्लायकोलिल गट काढून टाकतं आणि पुढच्या पायरीत त्याजागी ॲसिटिल बसतो. जी गोष्ट शोधायला निघालात तीच पुसली जाईल.

तेव्हा माल्डीचा सध्याचा स्पेक्ट्रम तसाच ठेवा, फेकू नका, फक्त तक्त्यातली रचनांची चित्रं काढून त्या जागी घटकांची मोजदाद लिहा. डीएमबीचे दोन क्रोमॅटोग्राम, अल्कलीसह आणि अल्कलीविना, आणि त्या रिकाम्या नळीचा हिलिक ट्रेस हाती आला की इथेच टाका. २११६.७ कडे मग एकत्र बघू.